‘संगं हुतो’ एवढंच लिव

आमच्या ऑफिसात नवा टायपिस्ट आला की त्याला सहा महिने माझ्या शेजारच्या टेबलावर बसवतात. सहा महिने भरले की वरून एक छापील कागद येतो. त्यात एका ओळीची जागा मोकळी असते. या माणसाला तुम्ही शिकवलंत, तयार केलंत की आणखी काय केलंत, तेवढं इंग्रजीत लिहायचं आणि खाली सही करायची. बाकीचे लोक उभ्या उभ्या लिहून मोकळे होतात. मी तो कागद घरी आणतो. दोन-दोन दिवस तो माझ्या पिशवीत पडून असतो. बायको म्हणते, एवढं काय आहे त्यात? इथे, गावापासून दोन दिवसांच्या रेल्वेवर, कुणाला काय सांगणार? सांगायचं तर साताऱ्यापासून सांगावं लागतं, आणि त्याच्याही आधी माण तालुक्यातल्या आमच्या गावापासून.

शाळा माझी मराठी सहावीत सुटली. सातवीचं, फायनलचं वर्ष मी पाहिलंच नाही. वडील मुंबईला गेले होते आणि त्यांची पत्रं येईनाशी झाली होती. आईने शेजारच्या मेंढरांमागे मला धाडायचं जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात शाळेतल्या गुरुजींनी निरोप आणला, की साताऱ्यात त्यांचे एक जुने मास्तर आहेत, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, आता डोळे गेलेत. वाचून दाखवायला आणि पत्रं लिहायला घरात कुणीतरी हवंय. आई लगेच हो म्हणाली. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो? मला भीती वाटत होती, एवढंच कळत होतं. मला भीती लवकर वाटते. ती सवय अजून गेली नाही.

साताऱ्याला न्यायचं कुणी, हा प्रश्न होता. त्याच आठवड्यात गावातला एक जण पलटणीत भरती व्हायला साताऱ्याला निघाला होता. विशी ओलांडलेला, तालमीत तयार झालेला, आमच्या घरापासून चार घरं सोडून राहणारा. पुढे तो हवालदार झाला, म्हणून मी त्यांना हवालदार म्हणतो. तोंडावर मात्र दादा.

निघताना ते मला घेऊन आधी तालमीत गेले. वस्तादांच्या पाया पडले. वस्ताद म्हातारे होते, ओट्यावर बसलेले, आणि त्यांचं डोकं उघडं होतं. त्या काळात आमच्याकडे मोठा माणूस उघड्या डोक्याने दिसला की घरात कुणी गेलंय का, असं विचारायचे. वस्तादांचा फेटा घडी करून मांडीवर ठेवलेला होता.

वाटेत, गाव मागे पडल्यावर मी विचारलं, “दादा, वस्ताद उघड्या डोक्यानं का बसल्यात?”

“पोरगं पडलं न्हवं का जत्रंला.”

“पडलं पोरगं, आन् फेटा वस्तादांनी काढायचा?”

“मंग? शिकवलं कुनी? ज्येनं शिकवलं त्येनं काढायचा. आता त्ये पोरगं जवा फुडची कुस्ती मारंल, तवा त्येच यील आन् आपल्या हातानं वस्तादाला फेटा बांदंल. तवर उघडं.”

ही रीत आमच्याच गावची. शेजारच्या गावचे पैलवान त्यावरून हसायचे. म्हणायचे, यांची कुस्ती बघायची असेल तर आखाड्यात बघू नका, वस्तादाच्या टकलाकडे बघा.

“दादा, तुमी कवा हुनार वस्ताद?”

ते मोठ्याने हसले. त्यांचा फेटा नवा होता, लाल, खास भरतीसाठी बांधलेला. “मी? न्हाई रं गड्या. मला माजा फेटा लय आवडतो.”

दोन दिवस आम्ही चाललो. कोरेगावात मुक्काम केला. माझे पाय फुटले तेव्हा त्यांनी मला उचलून वगैरे घेतलं नाही. स्वतः हळू चालायला लागले, इतकंच. साताऱ्यात मास्तरांचं घर शोधून काढलं, दारात उभं केलं. मास्तर बाहेर आले, आवाजाच्या दिशेने मान करून त्यांना विचारलं, “तुम्ही याचे कोण?”

“कोन न्हाई जी. संगं आलो.”

एवढं म्हणून ते गेले. मी रडलो नाही, पण त्यांचा लाल फेटा गल्लीच्या वळणावरून दिसेनासा होईपर्यंत दारातच होतो.

मास्तरांकडे मी पाच वर्षं राहिलो. आज जी चार इंग्रजी अक्षरं येतात आणि ज्यांच्यावर घर चालतं, ती त्यांची. माझ्यासारख्या फायनलही न झालेल्या माणसाला त्यांनी शेजारी बसवून घेतलं, हे मी रोज आठवतो. ते पत्रं सांगायचे, मी लिहायचो. जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं यायची, कुणाला शिफारस हवी, कुणाला दाखला. आणि दर वेळी एका ठिकाणी मास्तर थांबायचे. मराठीत आपण ‘शिकवलं’ म्हणतो आणि पुढे जातो. इंग्रजीत त्या एका कामाला चारपाच दारं आहेत, असं ते म्हणत. टीच म्हटलं तर समोरच्याला आधी जे ठाऊक नव्हतं ते आता ठाऊक झालं. ट्रेन म्हटलं तर ठाऊक असो-नसो, त्याचा हात वळला. मांडवावर वेल वळवतात तसा. इन्स्ट्रक्ट म्हणजे हे कर, मग ते कर, असं क्रमाने सांगितलं. गाइड म्हणजे वाट दाखवली, चालायचं त्याने. कोच म्हणजे एखाद्या परीक्षेपुरतं तयार करून दिलं. मी ते सगळं एका वहीत मांडून ठेवलं होतं. ती वही त्यांनी एकदा मला वाचायला लावली आणि म्हणाले, “हे पाठ करून काही होणार नाही. आधी माणूस बघायचा. त्याने खरोखर काय केलं ते विचारायचं. मग शब्द. शब्द आधी घेऊन माणूस त्यात बसवायला गेलास, तर माणूस तरी फाटेल नाहीतर शब्द तरी.”

दुसरी मोठी लढाई संपायच्या साली मास्तर थकले. एके दिवशी त्यांनी मला सांगलीच्या एका वकिलांना पत्र लिहायला सांगितलं. पत्र माझ्याबद्दलच होतं. मी मान खाली घालून लिहीत होतो. ‘या मुलाला मी’ एवढं झालं आणि ते नेहमीसारखे थांबले. मला वाटलं, डोळा लागला. मग म्हणाले, “टॉट. टीचचं टॉट घाल. म्हणजे तिथे जाऊन काही चुकलास तर लोक मला विचारतील. विचारू देत.”

त्या पत्रावर मला वकीलसाहेबांच्या कचेरीत टायपिस्टाची जागा मिळाली. मास्तर त्याच पावसाळ्यात गेले. मी सांगलीत होतो. कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

सांगलीत मी कायम घाबरलेला असायचो. वकीलसाहेब ओरडणारे नव्हते, पण त्यांचं इंग्रजी असं होतं, की माझ्या कागदावरून त्यांचा डोळा फिरायला लागला की मी मनात स्पेलिंगं परत मोजायला लागायचो. कचेरीत एक मोठे कारकून होते, पान खाणारे, सगळ्यांची टर उडवणारे. माझं मशीन ओसरीवर होतं. एका सकाळी त्या ओसरीच्या पायरीशी एक माणूस येऊन उभा राहिला. खाकी कोट, पायात पलटणीचे बूट, डोकं उघडं आणि काखेत कापडी पिशवी.

“वळखलंस का रं?”

मी खुर्चीवरून उठलोच. “दादा!”

सहा वर्षांत त्यांचे कानाजवळचे केस पिकले होते. ते पायरीवरच बसले. मोठ्या कारकुनांनी एकदा त्यांच्या डोक्याकडे आणि एकदा पिशवीकडे पाहिलं. पिशवीतून लाल कापडाचं टोक बाहेर आलं होतं.

“काय हो हवालदार, फेटा पिशवीत? पिशवीला थंडी वाजते काय?”

“व्हय जी,” हवालदार म्हणाले. “लय वाजतीया.”

सगळे हसले. मीही हसलो. मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्यांचं काम असं होतं. पलटणीतून नाव कमी झालं होतं. गावाकडे जमीन होती ती पाऊस पडला तर जमीन. भाऊ मुंबईला होता, तो बोलावत होता. पण म्हातारी आई मुंबईला यायला तयार नव्हती आणि तिला एकटीला ठेवून जायला हे तयार नव्हते. सांगलीतल्या एका शाळेत व्यायामशिक्षकाची जागा निघाली होती. सांगलीहून सुट्टीला घरी जाता येतं. सुगीच्या आधी काहीतरी झालं नाही, तर मुंबई टळत नव्हती. अर्ज इंग्रजीत द्यायचा होता. आणि अर्ज बघणाऱ्या तिघांत आमचे वकीलसाहेब होते.

मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू! या माणसाने मला साताऱ्याला पोचवलं नसतं तर मी आज कुठे असतो, हे मी कितीतरी वेळा मनात घोळवलेलं. आता त्यांचं काहीतरी माझ्या हातून होणार होतं. कचेरीचं काम संपल्यावर मी कागद चढवला, खाली कार्बन घातला.

“दादा, पलटणीत काय केलंत ते सांगा.”

“केलं काय. भरतीची पोरं यायची. त्येंच्यात हुतो.”

“म्हंजी कवायत, बंदूक…”

“व्हय. समदंच. दोरावर चडायचं, खंदकात पडायचं, रातीचं चालायचं.”

“पाच वर्षं?”

“जवळजवळ.”

मी टाइप केलं आणि मराठीत वाचून दाखवलं, “पाच वर्षं मी भरतीच्या पोरांना तयार केलं.”

“तयार केलं नगं.”

“मग? इन्स्ट्रक्ट केलं, असं घालू? सांगितलं, दाखवलं, करून घेतलं.”

“इन्स्ट्रक्टर म्हनायचीच मला तितं. म्हनू देत की. मी म्हनत न्हाई.”

तोवर मोठे कारकून पान जुळवत ओसरीवर आले होते. त्यांना गंमत वाटायला लागली. “अहो, ड्रिल लिहा, ड्रिल! लेफ्ट-राइट केलं, झालं.”

“लेफ्ट-राइट त्येंचं त्येंलाच यायचं सायेब. दोन पाय घरूनच आनल्यालं.”

कारकून इतके हसले की पान खाली पडलं. ते आत गेल्यावर मी हळूच म्हटलं, “दादा, गाइड म्हणून एक शब्द आहे. वाट दाखवली, असा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मी मशीनवरचे हात काढून मांडीवर घेतले.

“कसली वाट दावली मी त्येंला? टेसनाची?”

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही, मध्येच थांबून, बुटाच्या नाडीशी चाळा करत. दर तुकडी तयार झाली की ते तिच्याबरोबर स्टेशनापर्यंत जायचे. त्यात कोरेगावची पोरं असायची, उंब्रजची असायची, आपल्या माणातली असायची. आपल्या तालमीतली दोघं तर त्यांच्याच हाताखाली आली. पोरं डब्यातून ओरडायची, वस्ताद, येतो! तिथेही ती वस्तादच म्हणायची. मग दोन-चार महिन्यांनी कामी आलेल्यांची यादी यायची आणि सकाळच्या हजेरीला वाचून दाखवायची.

“यादी आयकली की फेटा काढाया हात वर जायाचा. पर पलटनीत डोकं उघडं ठेवू देत न्हाईत रं. हुकूम न्हाई. तवा त्ये समदं तसंच ऱ्हायलं. आता घरी आलोय, आता काढलाय.”

मी विचारू नये ते विचारलं. “कवापत्तोर?”

“जवर पोरं येऊन बांदत न्हाईत तवर.”

आत कारकून कपाटाला कुलूप लावत होते, तो आवाज येत होता.

“मग काय लिहू दादा?”

“खरं त्ये लिव. त्येंच्या संगं हुतो, येवढंच लिव.”

मी नवा कागद चढवला. आता जे सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

‘संगं हुतो’ याला इंग्रजीत चांगला शब्द आहे, तो मला येत होता. पण वकीलसाहेबांचा डोळा त्यावरून कसा फिरेल, तेही मला ठाऊक होतं. पोरांच्या संगं तर पलटणीचा न्हावीही असतो. व्यायामशिक्षकाच्या जागेसाठी आलेल्या अर्जांत, ज्यात कुणी दहा पोरांना शिकवून शंभरांना शिकवलं म्हणत असेल, त्यात हा एक अर्ज, की मी त्यांच्या संगं होतो. तो पहिल्याच चाळणीत खाली पडला असता. आणि हे मुंबईला गेले असते. मला वाटलं, हा माणूस स्वतःच्या दुःखाने स्वतःचं नुकसान करतोय आणि मला त्यातलं कळतंय. सहावी शिकलेल्या माणसाला चार शब्द आले की त्याला असं वाटायला लागतं. मी ‘ट्रेन्ड’ टाइप केलं. पाच वर्षं रिक्रूटांना ट्रेन केलं, स्वच्छ, एका ओळीत. आणि वाचून दाखवताना मराठीत म्हटलं, “पाच वर्षं मी भरतीच्या पोरांच्या संगं होतो.”

“हां. आता बराबर लिवलंस.”

पलटणीत त्यांना रोमन अक्षरं शिकवली होती. सही त्यांनी त्याच अक्षरांत केली. जोडून जोडून वाचलं असतं तर तो शब्द त्यांना कळला असता. पण त्यांनी कागद वाचला नाही. मी वाचून दाखवला होता ना.

मुलाखतीला त्यांना बोलावणं आलं. मी कचेरीतून दोन तासांची सुट्टी काढून त्यांच्याबरोबर शाळेत गेलो. डोकं उघडंच होतं. मी म्हटलं, “दादा, आजच्या दिवस तरी.” ते म्हणाले, “आज काय हाय आज?” शाळेच्या व्हरांड्यात, हेडमास्तरांच्या खिडकीखाली एक बाक होतं. मी तिथे बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

सुरुवात चांगली झाली. हेडमास्तरांचा आवाज मऊ होता. उंच उडीचं विचारलं, मल्लखांबाचं विचारलं. हवालदार थोडक्यात आणि नीट सांगत होते. मग हेडमास्तर म्हणाले, “तुम्ही पाच वर्षं मुलांना तयार केलंत, असं लिहिलंय अर्जात. आम्हाला असाच माणूस हवा होता.”

“कुटं लिवलंय?”

“हे काय.”

कागद सरकल्याचा आवाज आला. मला दिसत नव्हतं, पण मला ठाऊक होतं, की त्यांचं बोट त्या ओळीखालून चाललंय, एकेका अक्षरावर थांबत. मी मनात ती अक्षरं त्यांच्याबरोबर मोजली.

“ह्ये मी न्हाई सांगितलं.”

“म्हणजे? केलं नाहीत?”

“तसं म्हनत न्हाई मी सायेब.”

“अहो, तुम्ही ट्रेनिंग दिलंत की नाही दिलंत, एवढंच सांगा की.”

“न्हाई.”

मग वकीलसाहेबांचा आवाज आला. शांत, कोर्टात असतो तसा. “हवालदार, हा अर्ज कुणी लिहून दिला?”

मी बाकावरून उठायला हवं होतं. दार पाच पावलांवर होतं. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, साहेब, यांनी सांगितलं ते मी लिहिलं नाही. ती लबाडी माझी. तेवढ्याने त्यांचं नाव स्वच्छ राहिलं असतं, आणि कोण जाणे, जागाही मिळाली असती. माझी गेली असती. पाच वर्षं मास्तरांनी शेजारी बसवून मला जे दिलं होतं, ते एका क्षणात फुकट गेलं असतं, आणि मी परत माणात, मेंढरांमागे. हे सगळं इतक्या सावकाशपणे माझ्या डोक्यात आलं जणू मला दिवसभराचा वेळ होता. मी बाकाची कड धरून बसून राहिलो.

आत हवालदार क्षणभर थांबले. मग म्हणाले, “लिवनारानं मी सांगितलं तसंच लिवलं जी.”

“आत्ता तर म्हणालात, मी सांगितलं नाही.”

“आता सांगतोय त्ये खरं. चूक माजी हाय.”

“म्हणजे तुम्ही अर्जात खोटं सांगितलंत.”

“व्हय सायेब.”

हेडमास्तरांनी काहीतरी सावरायचा प्रयत्न केला, पण तिसरे गृहस्थ, जे तोवर बोलले नव्हते, ते म्हणाले, पोरांपुढे उभा करायचा माणूस आहे, असा कसा चालेल. खुर्च्या सरकल्या. ते बाहेर आले तेव्हा कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी तो परत मागून घेतला असावा. मागोमाग वकीलसाहेब दारात आले. त्यांनी मला बाकावर पाहिलं. एकदाच, पण तेवढं पुरलं. मग ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. पुढे तीन वर्षं मी त्यांच्या कचेरीत होतो. त्यांनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि ज्या दिवशी विचारतील त्या दिवसाची मी तीन वर्षं रोज वाट पाहिली.

आम्ही मोटारीच्या अड्ड्याकडे चालायला लागलो. त्यांना विट्याकडची मोटार धरायची होती. ऊन होतं. ते हळू चालत होते; माझ्यासाठी की कशासाठी, मला कळलं नाही.

“दादा, माजं चुकलं.”

“चुकलं.”

“तुमाला नोकरी लागावी म्हून…”

“त्ये कळतंय की रं. तू काय माजं वाईट करनार हायस?” थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, “पर तू मला वस्ताद केलंस. मला न इचारता. त्यास्नी मी तयार केलं, मंजी त्येंचं जे झालं त्येबी मीच केलं. तसं असंलबी. पर कागदावर घालून नोकरी मागायची व्हय त्येच्यावर?”

ते आता विचारतील, तू आत का आला नाहीस, असं मला वाटत होतं. खिडकी उघडी होती हे त्यांना ठाऊक होतं. रस्ताभर मी त्या प्रश्नाची वाट पाहत चाललो. तो आला नाही.

“आता काय करनार दादा?”

“बगू. मेंढरं हायती कुनाकुनाची. त्येस्नी अर्ज लागत न्हाई.”

मोटार उभी होती. पाण्याचं पितळी भांडं घेऊन क्लीनर पुढे इंजिनाशी खटपट करत होता. हवालदार चढले, मी खाली उभा राहिलो. क्लीनरने मला विचारलं, “काय पाव्हणं, तुमी येनार का? एकच जागा हाय.”

हवालदारांनी आतूनच उत्तर दिलं, “न्हाई. त्यो संगं आलाय, हितपत्तोर.”

मोटार सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून तो अर्ज माझ्या हातात दिला. सुगीच्या आधीच ते मुंबईला गेले, असं आईने कुणाकडून तरी लिहवून कळवलं. म्हातारी गावात एकटीच राहिली आणि त्याच हिवाळ्यात गेली. आईने पुढे एवढंच लिहवलं होतं, की हवालदार तिच्या मातीला आले तेव्हा उघड्या डोक्यानेच होते, पण त्या वेळी ते कुणालाच वेगळं वाटलं नाही. त्यानंतर त्यांची-माझी गाठ पडली नाही. मी दोनदा पत्र लिहायला बसलो. दोन्ही वेळा कसं सुरू करायचं ते सुचलं नाही. मग मी आणखी लांब आलो, इथे.

छापील कागदावर शेवटी मी ‘टॉट’ घालतो. मास्तरांनी माझ्यासाठी घातला तोच. घालताना हात थांबतो, म्हणून दोन दिवस जातात.

मागच्याच आठवड्यात, मी सही करून दिलेल्या एका मुलाने एका तारेत आकडा चुकवला. मोठे साहेब बाहेर आले, हातात ती तार, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, याला शिकवलं कुणी? तो मुलगा खाली बघत होता. मी खुर्ची मागे सरकवून उभा राहिलो. म्हणालो, मी, साहेब. साहेबांनी दोन शब्द सुनावले आणि गेले. एवढ्याशा चुकीसाठी हा म्हातारा उगाच उभा राहिला, म्हणून मागच्या टेबलांवर कुणीतरी हसलं. मी उभाच होतो. बसायचं कधी, ते मला समजेना.